आधी इतिहास वाचा, मग ब्रँच मर्ज करा: गिट नव्याने शिकणाऱ्यांसाठी

गोव्यात संगणकाचे शिक्षण घेणारी पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात आणि पाचवीपासून इंग्रजीकडे वळलेली असतात. अभियांत्रिकी किंवा पॉलिटेक्निकला पोहोचेपर्यंत भाषेची अडचण उरत नाही. पण गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास जपणारे साधन) त्यांच्या हाती पडते ते बहुधा चार-पाच आज्ञांच्या पाठांतरातून. फाइल जोडा, कमिट (बदलांची नोंद) करा, पुश करा (सर्व्हरवर पाठवा), एवढ्यावर एकट्याचे काम निभावते. दोघांनी एकाच प्रकल्पावर काम सुरू केले आणि वेगवेगळ्या ब्रँच (कामाच्या फुटलेल्या वाटा) एकत्र आणण्याची, म्हणजे मर्ज करण्याची, वेळ आली, की हे पाठांतर अपुरे पडते. मग पडद्यावर कॉन्फ्लिक्टची, म्हणजे दोघांचे बदल जुळत नसल्याची, सूचना दिसताच फोल्डर पुसून प्रकल्प नव्याने उतरवून घेण्याचा मार्ग पत्करला जातो, आणि त्यात कोणाचे तरी काम हरवते.

हा लेख त्या टप्प्यावरच्या वाचकासाठी आहे. प्रकल्पाचा इतिहास कसा वाचावा आणि ब्रँच कशी मर्ज करावी, या दोनच गोष्टी त्यात आहेत. बहुतेक ठिकाणी मर्ज आधी शिकवतात आणि इतिहास वाचणे शेवटी, वेळ उरल्यास. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. मर्ज करणे म्हणजे दोन इतिहास एकत्र आणणे होय, आणि ज्याला ते दोन्ही इतिहास वाचता येत नाहीत त्याला मर्जच्या वेळी अंदाजावर विसंबण्यावाचून गत्यंतर नसते.

थोडी पूर्वतयारी

पुढील आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या आहेत. मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे. फाइलींची आणि ब्रँचची नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी गिटला चालतात. लेखात वापरलेली स्विच ही आज्ञा ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, म्हणून ‘गिट --व्हर्जन’ देऊन आपल्याकडील आवृत्ती आधी पाहून घ्यावी.

मराठीत काम करणाऱ्याने दोन सेटिंग आरंभीच करून ठेवावीत:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स
गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ३

पहिले सेटिंग नसेल तर देवनागरी नावाची फाइल गिट तिरक्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांच्या रांगेने दाखवते, आणि कोणती फाइल बदलली हेच कळेनासे होते. दुसऱ्याचा उपयोग कॉन्फ्लिक्टच्या भागात दिसेल.

उदाहरणासाठी असे धरू, की काही विद्यार्थ्यांनी गोव्यातील जत्रांची माहिती देणारे छोटे संकेतस्थळ करायला घेतले आहे. ‘जत्रा-यादी’ नावाच्या फाइलीत पहिल्या कमिटमध्ये तीन ओळी आहेत:

मंगेशी | फोंडा | माघ शु. १५
कवळे | फोंडा | माघ शु. ५
शिरगाव | डिचोली | वैशाख शु. ५

मुख्य ब्रँचचे नाव ‘मेन’ आहे; ते रोमन लिपीतच टंकावे. फोंड्याच्या विद्यार्थिनीने ‘तिथी-सविस्तर’ ही ब्रँच काढून सर्व तिथी पूर्ण शब्दांत लिहिल्या. त्याच सुमारास डिचोलीच्या विद्यार्थ्याने ‘विधी-नोंद’ ही ब्रँच काढून शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेपुढे तेथील विधीची, म्हणजे धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) निखाऱ्यांवरून चालतात याची, नोंद जोडली. दोघांनीही आपापले काम नीट केले आहे, आणि दोघांनीही शिरगावची ओळ बदलली आहे.

कमिट आणि ब्रँच यांचा संबंध

लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कामासाठी गिट लिहायला घेतले. त्या प्रकल्पात जगभरातले लोक एकमेकांना न विचारता एकाच वेळी बदल करीत होते, आणि ते सारे बदल वारंवार एकत्र आणावे लागत होते. ब्रँच काढणे आणि मर्ज करणे गिटमध्ये इतके हलके आहे याचे कारण या गरजेत आहे.

प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणी संपूर्ण प्रकल्प कसा होता याची नोंद असते. तिच्यासोबत कर्त्याचे नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटची खूण साठवलेली असते. आधीच्या कमिटला पालक म्हणतात. साध्या कमिटला एक पालक असतो, प्रकल्पाच्या अगदी पहिल्या कमिटला एकही नसतो आणि मर्जच्या कमिटला सहसा दोन असतात. प्रत्येक कमिटला ४० चिन्हांची खूण मिळते. ती ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे यांची बनलेली असते, आणि रोजच्या वापरात तिची पहिली सात-आठ चिन्हे पुरतात.

ब्रँच म्हणजे प्रकल्पाची वेगळी प्रत, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो दूर केल्याशिवाय पुढचे काही स्पष्ट होत नाही. ब्रँच हे एका कमिटला दिलेले नाव आहे, एवढेच. आपण त्या ब्रँचवर नवी कमिट केली की ते नाव पुढे सरकते आणि नव्या कमिटवर जाऊन बसते. आपण सध्या कोणत्या ब्रँचवर आहोत हे गिट ‘हेड’ नावाच्या खुणेत लक्षात ठेवते. म्हणूनच ब्रँच काढायला क्षणही लागत नाही, आणि मर्ज झालेली ब्रँच पुसली तरी तिच्यावर केलेले काम जात नाही. फक्त नाव जाते.

इतिहास वाचणे

साधी ‘गिट लॉग’ ही आज्ञा दिली की कमिट नव्याकडून जुन्याकडे एकामागून एक दिसतात. यादी लांब असेल तर ती पानापानाने उघडते. खाली जाण्यासाठी स्पेसबार दाबावा आणि बाहेर पडण्यासाठी क्यू. हे आधीच सांगितले, कारण पहिल्याच दिवशी अनेक जण त्या पानात अडकतात आणि टर्मिनल बंद करून टाकतात.

ब्रँचचे काम पाहायचे असेल तर पुढील रूप हाताशी असावे:

गिट लॉग --वनलाइन --ग्राफ --ऑल

वनलाइन म्हणजे एका कमिटला एक ओळ, ग्राफ म्हणजे डाव्या बाजूला रेघांनी काढलेली आकृती आणि ऑल म्हणजे आपल्या ब्रँचपुरते न पाहता सर्व ब्रँच दाखवणे. ऑल विसरले तर ज्या ब्रँच अजून मर्ज झालेल्या नाहीत त्या दिसतच नाहीत, आणि सहकाऱ्याने काम केलेच नाही असा गैरसमज होतो. आपल्या उदाहरणात मर्जच्या आधी ही आकृती अशी दिसेल:

* ८१३४४०६ (विधी-नोंद) शिरगाव: जत्रेच्या विधीची नोंद
| * ३९६०२७५ (तिथी-सविस्तर) तिथी पूर्ण शब्दांत
|/
* १०७४८३८ (हेड -> मेन) जत्रांची पहिली यादी

खालून वर वाचावे. दोन्ही ब्रँच १०७४८३८ या एकाच कमिटपासून निघाल्या आहेत. या सामाईक पूर्वज कमिटला मर्जमध्ये सर्वांत अधिक महत्त्व आहे, आणि तिच्याकडे नवशिक्याचे लक्ष सर्वांत कमी जाते.

आकृती समजली की एकेका कमिटच्या आत डोकवावे. ‘गिट शो ८१३४४०६’ त्या कमिटमधले बदल ओळीनिशी दाखवते. ‘गिट लॉग --स्टॅट’ कोणत्या फाइलीत किती ओळी बदलल्या ते सांगते, तर ‘गिट लॉग -पी’ प्रत्येक कमिटचा पूर्ण बदल पुढे मांडते. एकाच फाइलीचा प्रवास पाहायचा असेल तर आज्ञेच्या शेवटी दोन आडव्या रेघा, मोकळी जागा आणि फाइलीचे नाव द्यावे. मध्येच फाइलीचे नाव बदललेले असेल तर ‘--फॉलो’ जोडावे.

दोन ब्रँचची तुलना करणारी बिंदूंची पद्धत मर्ज करणाऱ्याने पाठच करावी, अशी माझी शिफारस आहे:

गिट लॉग --वनलाइन मेन..विधी-नोंद
गिट डिफ मेन...विधी-नोंद

पहिल्या आज्ञेत दोन बिंदू आहेत. विधी-नोंदमध्ये असलेल्या पण मेनमध्ये नसलेल्या कमिट ती दाखवते. दुसरीत तीन बिंदू आहेत. ब्रँच जेथून निघाली त्या सामाईक पूर्वजापासून तिने काय बदलले तेवढेच ती दाखवते. येथे दोन बिंदू दिले तर दोन्ही ब्रँचच्या आजच्या स्थितीतला सरळ फरक दिसतो, आणि मेनमध्ये दरम्यान आलेले नवे काम या ब्रँचने पुसले आहे असा भास होतो. सहकाऱ्याचे काम तपासताना म्हणून तीन बिंदू वापरावेत.

मराठी मजकुराबाबत आणखी एक गोष्ट. गिट ओळ हे एकक मानते. मजकुराचा अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल आणि त्यात एकच वेलांटी बदलली असेल, तरी जुना परिच्छेद गेला आणि नवा आला असे दिसते. अशा वेळी ‘गिट डिफ --वर्ड-डिफ’ द्यावे. तेवढाच शब्द वेगळा दिसतो. त्याहून चांगले म्हणजे मजकूर लिहितानाच प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्यावे. त्यामुळे फरक वाचणे सोपे जाते आणि कॉन्फ्लिक्टही पुष्कळ कमी होतात.

विशिष्ट शब्द प्रकल्पात कधी आला किंवा कधी गेला हे शोधण्यासाठी ‘गिट लॉग -एस’ आहे. येथला एस मोठा टंकावा आणि त्याला लागून अवतरणचिन्हांत तो शब्द द्यावा. ‘गिट ब्लेम’ फाइलीच्या प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते लिहून दाखवते. तिचे नाव दोषारोप सुचवते, पण तिचा खरा उपयोग ती ओळ तशी का आहे हे सांगणाऱ्या कमिट संदेशापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. म्हणून ‘दुरुस्ती’ किंवा ‘बदल केला’ असे संदेश लिहू नयेत. ‘तिथी पूर्ण शब्दांत’ एवढाच संदेश असला तरी सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला तो दिशा देतो.

मर्ज करण्यापूर्वी

मर्जची दिशा ही पहिली काळजी. ज्या ब्रँचमध्ये काम आणायचे आहे तिच्यावर आधी उभे राहायचे असते आणि जिचे काम आणायचे आहे तिचे नाव मर्जच्या आज्ञेत द्यायचे असते. विधी-नोंद मेनमध्ये आणायची असेल तर ‘गिट स्विच मेन’ आधी. मर्जने फक्त मेन पुढे सरकते. विधी-नोंद जेथे होती तेथेच राहते.

त्यानंतर ‘गिट स्टेटस’ पाहावे. कमिट न केलेले बदल पडून असतील तर ते कमिट करावेत किंवा ‘गिट स्टॅश’ने बाजूला ठेवावेत. अर्धवट बदलांवर मर्ज सुरू केली आणि ती अडली, तर मागे फिरताना कोणता बदल मर्जचा आणि कोणता आपला, हे वेगळे करणे अवघड होते.

प्रकल्प सर्व्हरवर असेल तर मेन ताजी करून घ्यावी. येथे बहुतेक जण ‘गिट पुल’ देतात. पुल म्हणजे सामान्यतः फेच (सर्व्हरवरचे नवे काम आपल्या ब्रँचमध्ये न मिसळता उतरवून घेणे) आणि मर्ज एकामागून एक. काय आले ते पाहण्याची संधी तीत मिळत नाही. नवशिक्याने हे दोन भाग वेगळे ठेवावेत: आधी ‘गिट फेच’, मग ‘गिट लॉग --वनलाइन मेन..ओरिजिन/मेन’ देऊन आलेल्या कमिट वाचाव्यात (ओरिजिन/मेन म्हणजे सर्व्हरवरची मेन), आणि त्यानंतरच ‘गिट मर्ज ओरिजिन/मेन’ द्यावे.

सोपी मर्ज

प्रथम तिथी-सविस्तर घेऊ. ती निघाल्यापासून मेनवर एकही नवी कमिट झालेली नाही. मेनवर उभे राहून ‘गिट मर्ज तिथी-सविस्तर’ दिले की गिटला काही जुळवावेच लागत नाही. मेन हे नाव पुढे सरकून ३९६०२७५ या कमिटवर बसते. याला फास्ट-फॉरवर्ड म्हणतात. यात नवी कमिट तयार होत नाही.

काही गटांना हे चालत नाही, कारण ब्रँच वेगळी काढली होती ही खूणच इतिहासातून नाहीशी होते. त्यांच्यासाठी ‘--नो-एफएफ’ हा पर्याय आहे. तो दिला की फास्ट-फॉरवर्ड शक्य असतानाही मर्जची वेगळी कमिट होते. माझा कल असा आहे, की एका कमिटच्या ब्रँचला त्याची गरज नाही, पण चार-सहा कमिटचे एकसंध काम असेल तर नो-एफएफ द्यावे. पुढे ‘गिट लॉग --फर्स्ट-पॅरेंट’ दिल्यावर मेनचा इतिहास एका कामाला एक ओळ असा नेटका वाचता येतो, आणि तपशील हवा असेल तेव्हा तोही शिल्लक असतो.

कॉन्फ्लिक्ट आला तर

आता विधी-नोंद. ‘गिट मर्ज विधी-नोंद’ दिल्यावर गिट तीन गोष्टी समोर ठेवते: सामाईक पूर्वज, मेनची आजची स्थिती आणि विधी-नोंदची आजची स्थिती. जत्रेच्या निमंत्रणपत्रिकेच्या दोन दुरुस्त प्रती समोर आल्या, तर कोणी काय बदलले हे मूळ मसुदा पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. सामाईक पूर्वज हा तो मसुदा. एखादा भाग एकाच बाजूने बदलला असेल तर गिट तो बदल घेते. दोन्ही बाजूंनी सारखाच बदल केला असेल तर तो एकदा घेते. दोन्ही बाजूंनी वेगवेगळे बदल केले असतील तर ते थांबते आणि निर्णय आपल्याकडे सोपवते.

म्हणजे कॉन्फ्लिक्ट हा बिघाड नव्हे. दोन माणसांच्या कामातून निवड करण्याचा अधिकार आपला नाही, असे गिटने ठरवले आहे, आणि ते योग्यच आहे. या क्षणी काहीही हरवलेले नसते. दोन्ही ब्रँचच्या कमिट जशाच्या तशा सुरक्षित असतात.

फाइल उघडली की असे दिसेल:

<<<<<<< हेड
मंगेशी | फोंडा | माघ पौर्णिमा
कवळे | फोंडा | माघ शुद्ध पंचमी
शिरगाव | डिचोली | वैशाख शुद्ध पंचमी
||||||| १०७४८३८
मंगेशी | फोंडा | माघ शु. १५
कवळे | फोंडा | माघ शु. ५
शिरगाव | डिचोली | वैशाख शु. ५
=======
मंगेशी | फोंडा | माघ शु. १५
कवळे | फोंडा | माघ शु. ५
शिरगाव | डिचोली | वैशाख शु. ५ | धोंड निखाऱ्यांवरून चालतात
>>>>>>> विधी-नोंद

सर्वांत वर आपण उभे आहोत त्या ब्रँचचा, म्हणजे मेनचा मजकूर आहे. सर्वांत खाली येणाऱ्या ब्रँचचा. मधला भाग सामाईक पूर्वजाचा. तो आरंभी केलेल्या डिफ३ या सेटिंगमुळे दिसतो. हा मधला भाग नसता तर काय झाले असते ते पाहावे. खालच्या भागात मंगेशी आणि कवळे यांच्या तिथी संक्षिप्त रूपात आहेत. त्या डिचोलीच्या विद्यार्थ्याने मुद्दाम संक्षिप्त केल्या, की त्याने त्या ओळींना हातच लावला नाही, हे केवळ दोन बाजू पाहून कळत नाही. मधला भाग पाहिला की उलगडा होतो: त्या दोन ओळी मूळच्याच आहेत, त्याने फक्त शिरगावच्या ओळीत भर घातली आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या २.३५ या आवृत्तीपासून या सेटिंगचे झेडडिफ३ हे अधिक आटोपशीर रूपही मिळते.

तरीही शंका असेल तर अर्धवट मर्जच्या अवस्थेतच पुढील आज्ञा द्यावी:

गिट लॉग --मर्ज -पी

कॉन्फ्लिक्ट झालेल्या फाइलींना दोन्ही बाजूंच्या ज्या कमिटनी स्पर्श केला तेवढ्याच कमिट ती संदेशांसह दाखवते. कोणाचा हेतू काय होता हे त्यातून कळते. ही आज्ञा फार थोड्यांना ठाऊक असते, आणि कॉन्फ्लिक्टच्या वेळी तिच्याइतकी मदत दुसरी कोणतीच करीत नाही.

हेतू कळला की निर्णय सोपा आहे. तिथी पूर्ण शब्दांत हव्यात आणि विधीची नोंदही हवी. फाइल लिहिण्याच्या काही प्रोग्रॅममध्ये, म्हणजे संपादकांत, ‘आपले ठेवा’ आणि ‘त्यांचे ठेवा’ अशी दोन बटणे असतात, पण येथे त्यांतले कोणतेही दाबले तरी एकाचे काम जाते. हाताने लिहावे:

मंगेशी | फोंडा | माघ पौर्णिमा
कवळे | फोंडा | माघ शुद्ध पंचमी
शिरगाव | डिचोली | वैशाख शुद्ध पंचमी | धोंड निखाऱ्यांवरून चालतात

खुणांच्या चारही ओळी काढून टाकाव्यात. ‘गिट डिफ --चेक’ दिल्यास चुकून राहिलेली खूण सापडते. मग ‘गिट ॲड जत्रा-यादी’ देऊन हा कॉन्फ्लिक्ट सुटल्याचे गिटला कळवावे आणि ‘गिट मर्ज --कंटिन्यू’ देऊन मर्ज पूर्ण करावी. संदेश लिहिण्यासाठी संपादक उघडतो; तो व्हिम असेल तर एस्केप दाबून, विसर्गासारखे दोन बिंदूंचे चिन्ह, डब्ल्यू आणि क्यू टंकून एंटर दाबावे. गिटने दिलेल्या संदेशाखाली ‘शिरगावच्या ओळीत दोन्ही बदल ठेवले’ असे एक वाक्य जोडावे.

मध्येच गोंधळ उडाला किंवा सहकाऱ्याला विचारल्याशिवाय निर्णय घेणे बरोबर वाटले नाही, तर ‘गिट मर्ज --अबॉर्ट’ द्यावे. मर्ज सुरू होण्याआधीची स्थिती परत येते. थांबण्यात काहीच कमीपणा नाही; विचारून केलेली मर्ज केव्हाही चांगली.

दोन्ही बाजू सारख्याच दिसतात तेव्हा

मराठी मजकुराच्या प्रकल्पात एक विशेष प्रकार आढळतो. कॉन्फ्लिक्टच्या दोन्ही बाजू वाचून पाहाव्यात तर अक्षर न् अक्षर तेच, आणि गिट मात्र फरक आहे म्हणते. गिट बरोबर असते. ‘निखाऱ्यांवरून’ या शब्दातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य देतात; काही साधा र, हलन्त, मध्ये शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य देतात. पडद्यावर दोन्ही एकसारखे, संगणकाच्या दृष्टीने वेगळे. एका सहकाऱ्याने फोनवर टंकलेला आणि दुसऱ्याने संगणकावर टंकलेला मजकूर एकत्र आला की असे घडू शकते. अदृश्य चिन्हे दाखवणाऱ्या संपादकात फाइल उघडून खात्री करावी, गटाने कोणते तरी एक रूप ठरवावे आणि सगळा मजकूर एका वेगळ्या कमिटमध्ये त्या रूपात आणावा. हे काम इतर बदलांत मिसळू नये, नाहीतर त्या कमिटचा फरक कोणालाच वाचता येणार नाही.

संपूर्ण फाइलच बदललेली दिसत असेल तर कारण बहुधा ओळीच्या शेवटच्या चिन्हात असते. विंडोज आणि लिनक्स यांची त्याबाबतची रीत वेगळी आहे. प्रकल्पात ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ ही फाइल ठेवून एकच रीत ठरवून द्यावी.

मर्ज झाली म्हणजे बरोबर झाली असे नव्हे

गिट मजकूर जुळवते, अर्थ जुळवत नाही. समजा, एका ब्रँचमध्ये यादी वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदल झाला आणि तो प्रत्येक ओळीत चार रकाने गृहीत धरू लागला. दुसऱ्या ब्रँचमध्ये कोणी पेडणे तालुक्यातील जत्रांची वेगळी फाइल जोडली, आणि तीत जुन्या रीतीने तीनच रकाने आहेत. बदल वेगवेगळ्या फाइलींत असल्यामुळे कॉन्फ्लिक्ट येत नाही, मर्ज बिनबोभाट होते, आणि संकेतस्थळ उघडल्यावर पेडण्याचे पान कोरे दिसते. म्हणून मर्जनंतर प्रोग्रॅम चालवून पाहावा, चाचण्या असतील तर त्या चालवाव्यात आणि मगच पुश करावे.

मर्जनंतर आकृती पुन्हा पाहावी:

*   ५२०७१९३ (हेड -> मेन) विधी-नोंद ब्रँच मर्ज केली
|\
| * ८१३४४०६ (विधी-नोंद) शिरगाव: जत्रेच्या विधीची नोंद
* | ३९६०२७५ (तिथी-सविस्तर) तिथी पूर्ण शब्दांत
|/
* १०७४८३८ जत्रांची पहिली यादी

५२०७१९३ ला दोन पालक आहेत. डावीकडची रेघ पहिल्या पालकाची, म्हणजे आपण ज्या ब्रँचवर उभे होतो तिची.

येथे इतिहास वाचणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ‘गिट लॉग -पी’ मर्जच्या कमिटमधला फरक आपणहून दाखवत नाही. ‘गिट शो ५२०७१९३’ दिल्यास दिसतो, पण दोन्ही पालकांहून वेगळा झालेला भागच दिसतो. आपल्या उदाहरणात शिरगावची ओळ दोन्हींहून वेगळी आहे, म्हणून ती दिसेल. पण समजा, मर्ज करणाऱ्याने ‘आपले ठेवा’ हे बटण दाबले असते. निकाल एका पालकासारखाच झाला असता, ‘गिट शो’मध्ये काहीच दिसले नसते, आणि विधीची नोंद कोणाच्याही कमिटमध्ये पुसल्याचे न दिसता नाहीशी झाली असती. एखादे काम केलेले आठवते पण फाइलीत नाही, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असते. ते शोधण्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या २.३६ या आवृत्तीपासून एक नेमका पर्याय आहे:

गिट शो --रीमर्ज-डिफ ५२०७१९३

गिट ती मर्ज मनातल्या मनात पुन्हा करते आणि माणसाने कॉन्फ्लिक्ट कसा सोडवला तेवढे दाखवते. दुसऱ्याची मर्ज तपासताना मी हीच आज्ञा वापरावी असे सांगेन.

मर्ज मागे घेणे

मर्ज पूर्ण झाली पण अजून पुश केलेली नाही, अशा वेळी ‘गिट रीसेट --मर्ज ओरिग_हेड’ द्यावे. शेवटचा शब्द पूर्णपणे मोठ्या अक्षरांत टंकावा. मर्जच्या आधी ब्रँच जेथे होती ती जागा गिटने या नावाने जपून ठेवलेली असते. मात्र मध्ये दुसरी रीसेट किंवा मर्ज झाली असेल तर हे नाव दुसरीकडे गेलेले असते. तेव्हा ‘गिट रीफ्लॉग’ पाहावा. हेड आजवर कोणकोणत्या कमिटवर होते त्याची ती आपल्या संगणकापुरती नोंदवही आहे. साधारणपणे तिच्यातल्या नोंदी ९० दिवस टिकतात, आणि कोणत्याही ब्रँचमधून पोहोचता येत नाही अशा कमिटच्या नोंदी ३० दिवस. कमिट केलेले काम हरवले असे वाटले, की फोल्डर पुसण्याआधी येथे शोधावे.

पुश झाल्यावर इतिहास मागे खेचू नये, कारण सहकाऱ्यांनी तो आपल्याकडे घेतलेला असतो. त्याऐवजी ‘गिट रिव्हर्ट -एम १ ५२०७१९३’ द्यावे. मर्जने आणलेले बदल उलटवणारी नवी कमिट त्यातून होते. ‘-एम १’ म्हणजे पहिला पालक मूळ धरावा. याला एक मर्यादा आहे. त्यानंतर विधी-नोंद दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली तर फक्त नव्या कमिट येतात, जुने काम येत नाही, कारण इतिहासाच्या दृष्टीने ते आधीच मर्ज झालेले असते. जुने काम परत हवे असेल तर दुसऱ्यांदा मर्ज करण्यापूर्वी त्या रिव्हर्टच्या कमिटचेच रिव्हर्ट करावे.

सगळे व्यवस्थित झाले असेल तर ‘गिट ब्रँच --मर्ज्ड’ देऊन मर्ज झालेल्या ब्रँचची यादी पाहावी आणि ‘गिट ब्रँच -डी विधी-नोंद’ देऊन ते नाव काढून टाकावे. लहान डी दिल्यास मर्ज न झालेली ब्रँच पुसायला गिट नकार देते. मोठा डी दिल्यास विचारत नाही, म्हणून पहिल्या काही महिन्यांत तो वापरूच नये. सर्व्हरवरची ब्रँच वेगळी पुसावी लागते: ‘गिट पुश ओरिजिन --डिलीट विधी-नोंद’. सहकाऱ्यांच्या संगणकावर ते नाव तरीही दिसत राहते. त्यांनी ‘गिट फेच --प्रून’ दिले की जाते.